मदत हवी आहे: ट्रॅमाडॉल सुरू असताना ॲक्युपंक्चरचा गुण ओसरतो का?

माझी आई ६८ वर्षांची असून तिचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. शस्त्रक्रियेला ती तयार नाही, म्हणून आठ महिन्यांपासून ट्रॅमाडॉल (मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामक गोळी) सुरू आहे आणि गेले दोन महिने ती आठवड्यातून दोनदा विद्युत-ॲक्युपंक्चरही (सुयांमधून सौम्य वीजप्रवाह सोडण्याचा उपचार) घेते. सुयांना तारा जोडल्या की पोटरीचा स्नायू सेकंदाला दोनदा, अगदी मोजता येईल असा, उडताना दिसतो. सुरुवातीच्या चार-पाच वेळा तिला चांगला आराम पडला. आता मात्र सुयांचा काही उपयोग होत नाही, असे ती म्हणते.

माझ्या वाचनानुसार या दोन्ही उपचारांची वाट बरीचशी एकच आहे. मध्यमेंदूतील एका करड्या पट्ट्यात वेदना रोखणाऱ्या चेतापेशी असतात, पण एरवी दुसऱ्या पेशी त्यांना दाबून ठेवतात. मॉर्फिनसारखे औषध, किंवा शरीराचे स्वतःचे एंडॉर्फिन, या दाबणाऱ्या पेशींनाच गप्प करते. मग तिथून निघालेला संदेश लंबमज्जेतून (मेंदूचा सर्वांत खालचा भाग) मेरुरज्जूपर्यंत उतरतो आणि वर येणारी वेदना तिथेच अडते. मॉर्फिनचा परिणाम पुसणारे नॅलॉक्सोन दिल्यावर ॲक्युपंक्चरचा गुणही कमी होतो, असे १९७७ साली माणसांवरील एका प्रयोगात दिसले होते. (दाढ काढलेल्या रुग्णांवरील १९७८ च्या प्रयोगात नॅलॉक्सोनने लुटुपुटुच्या औषधाचा आरामही घालवला होता, त्यामुळे केवळ एवढ्यावरून सुईची करामत सिद्ध होते, असे मी मानत नाही.)

माझी खरी शंका पुढे आहे. बीजिंगच्या हान जिशेंग यांच्या प्रयोगांत उंदरांना सतत विद्युत-ॲक्युपंक्चर दिल्यावर त्याचा परिणाम ओसरला, आणि त्याच उंदरांवर मॉर्फिनही कमी चालले. त्यांच्याच कामानुसार २ हर्ट्झला (सेकंदाला दोन ठोके) एन्केफॅलिन, तर १०० हर्ट्झला डायनॉर्फिन स्रवते (दोन्ही एंडॉर्फिनसारखीच शरीराची वेदनाशामक रसायने), म्हणजे वारंवारता बदलली की रसायन बदलते. मग आईच्या बाबतीत रोजच्या गोळीने सुईची वाट बोथट केली असेल का? की ट्रॅमाडॉल काही अंशी सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या चेतासंस्थेतील वेगळ्या रसायनांमार्फत काम करत असल्याने ही तुलना इथे लागूच होत नाही? दोन बैठकांमधले अंतर वाढवून किंवा २ आणि १०० हर्ट्झ आलटून पालटून देऊन कोणाच्या रुग्णाला फरक पडला आहे का?

गोळी आम्ही आपल्या मनाने कमी करणार नाही. मंगळवारी अस्थिरोगतज्ज्ञांची भेट आहे. त्यांना नेमके काय विचारावे, हे वेदनाशमन किंवा भूलशास्त्रातील जाणकारांनी त्याआधी सांगितल्यास आभारी राहीन.