उजनीच्या फुगवट्यावर बदकांच्या शिकारीचा परवाना कोणाकडून मिळतो?

गाळपेर_करमाळा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमची शेती करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. पाणी उतरू लागले की उघडी पडणारी गाळपेर जमीनही आम्ही कसतो. दिवाळी सरली की आमच्या बांधापुढच्या उथळ पाण्यात थापट्या, तलवार बदके आणि चक्रवाक यांचे थवे उतरतात आणि होळीपर्यंत तेथेच असतात. चक्रवाकांचा आवाज ऐकू आला की थंडी पडली, असे आमच्या घरात समजतात.

माझे आत्तेभाऊ अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहतात आणि तेथे दर हंगामात रीतसर परवाना काढून बदकांची शिकार करतात. येत्या जानेवारीत ते सहकुटुंब येत आहेत आणि एक सकाळ आपल्या पाण्यावर शिकार करावी, अशी त्यांची इच्छा आहे. ते नियमांना पक्के आहेत. तेथे राज्याचा परवाना लागतो, केंद्र सरकारचे २५ डॉलरचे बदकांचे तिकीट लागते, हंगामाच्या तारखा आणि दिवसाला किती पक्षी मारायचे याची मर्यादा ठरलेली असते, हे सर्व त्यांनी मला समजावून सांगितले. पैसे कितीही लागोत, पण कागद नीट असल्याशिवाय बंदुकीला हात लावणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले आहे.

आमच्या आजोबांच्या नावाचा, १९६० नंतरच्या काही वर्षांतला शिकारीचा परवाना अजून ट्रंकेत आहे, त्यामुळे असा परवाना एके काळी मिळत असे हे नक्की. गावातील जाणत्यांना विचारले, तर कोणी तहसीलदारांकडे जायला सांगितले, कोणी पोलीस पाटलांचे नाव घेतले. एकाने मात्र सांगितले की हे पाणी अभयारण्यात येत नाही आणि जमीन तुमची आहे, तेव्हा परवान्याची गरजच नाही. हे शेवटचे मत मला धोक्याचे वाटते. तरी जाणकारांनी सांगावे की अर्ज कोणाकडे करायचा, आणि आजोबांच्या परवान्याचा वारसाहक्काने काही उपयोग होतो का.

सोलापूर_वकील

आपण आधी विचारलेत, हे फार बरे केलेत. उत्तर असे की अर्ज कोणाकडेच करायचा नाही, कारण हौसेच्या शिकारीचा परवाना भारतात आता अस्तित्वातच नाही. आपले आजोबा शिकार करीत तेव्हा आपल्या भागात मुंबई राज्याचा १९५१ चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षणाचा कायदा होता. पुढे १९७२ मध्ये केंद्राचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला. त्या अधिनियमातही सुरुवातीला लहान सावज, मोठे सावज, विशेष सावज आणि प्राणी जिवंत पकडणे यांसाठी वेगवेगळे परवाने होते, आणि बदके तेव्हा अनुसूची चारमध्ये (अनुसूची म्हणजे अधिनियमाला जोडलेली जातींची यादी) होती. परंतु १९९१ च्या दुरुस्तीने, जी २ ऑक्टोबर १९९१ पासून लागू झाली, परवान्यांची ती सगळी व्यवस्थाच काढून टाकण्यात आली आणि कलम ९ मध्ये सरळ बंदी आली. तेव्हा आजोबांचा कागद घरातील आठवण म्हणून अवश्य जपावा, पण त्यातून आज कोणताही हक्क निर्माण होत नाही. तसाही तो परवाना त्या व्यक्तीपुरता आणि त्या मुदतीपुरताच होता.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून तिने अनुसूचींची फेरमांडणी केली आहे. आता पहिल्या दोन अनुसूची वन्यप्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची आणि चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमनाखालील जातींची आहे. पहिल्या दोहोंपैकी कोणत्याही अनुसूचीत नाव असले की शिकारीला बंदी आहे. अनुसूचीचा क्रमांक पाहायचा तो शिक्षेसाठी. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्राणी पहिल्या अनुसूचीतील असेल, किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. शिवाय बंदूक, जाळी, होडी, वाहन असे जे काही त्या कामी वापरले असेल ते जप्त होते.

अभयारण्याबाहेर चालते, असे ज्यांनी सांगितले त्यांनी आपली पूर्ण दिशाभूल केली आहे. हा समज आपल्या जिल्ह्यात मी अनेकदा ऐकला आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य सर्वांना माहीत असल्यामुळे, कायदा त्या हद्दीतच लागू होतो असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात अधिनियमाचे संरक्षण पक्ष्याला आहे आणि तो जेथे उतरेल तेथे ते लागू होते, मग ते उजनीचे पाणी असो, आपली गाळपेर असो, की सोलापूर शहरातला कंबर तलाव असो. जमीन आपली असली तरी तिच्यावर उतरलेला पक्षी आपल्या मालकीचा होत नाही. छऱ्याच्या हवेच्या बंदुकीबाबतही (एअरगन) तसेच आहे. तिला शस्त्र परवाना लागतो की नाही हा वेगळ्या कायद्याचा विषय असून, तिने बदक मारले तर ती शिकारच होय.

आणखी एक बाब पाहुण्यांना आवर्जून सांगावी. आपल्या कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ ठार मारणे एवढाच नाही. विष घालणे, पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे, हाका करून सावज पुढे आणणे, जखमी करणे, आणि पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांची नासधूस करणे किंवा घरट्याला त्रास देणे, हे सारे त्यात येते आणि तसा प्रयत्नही गुन्हा ठरतो. परवानगीचे दोन अपवाद उरले आहेत. प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल, अथवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असेल, तर कलम ११ खाली लेखी आदेश निघू शकतो. शिक्षण, वैज्ञानिक संशोधन आणि व्यवस्थापन यांसाठी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देतात. पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे शास्त्रीय कामसुद्धा अशी परवानगी घेऊनच होते. हौस यांपैकी कशातही बसत नाही.

हिप्परगा_सकाळ

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला आहे. मी निवृत्त शिक्षक आहे आणि गेली तीस वर्षे हिप्परग्याच्या तलावावर, म्हणजे एकरुखला, हिवाळ्यात पहाटे जातो. माझे वडीलही बंदूकवाले होते. लहानपणी मी त्यांच्याबरोबर गेलो आहे, चिखलात उतरून पडलेले बदक उचलून आणले आहे आणि ते घरी शिजलेले खाल्लेही आहे. म्हणून आपल्या आत्तेभावांना मी नावे ठेवणार नाही. त्यांच्या मनात एक प्रश्न नक्की येईल, तो असा की अमेरिकेत शिकारीच्या पैशातूनच पाणथळ जागा वाचल्या, मग येथे तसे का नको.

त्यांचे म्हणणे खोटे नाही. तेथील १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा हा कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी १९१६ मध्ये झालेल्या करारावर उभा आहे. बदकांचे तिकीट १९३४ पासून आहे, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक शिकाऱ्याला ते घ्यावेच लागते, आणि त्यातून आलेल्या डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ अधिवास विकत घेण्याकडे व राखण्याकडे जातात. पण त्यामागे दरवर्षीची मोजणी आहे, तिच्यावरून ठरणारी मर्यादा आहे, आणि बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे मावावीत असा नियमही आहे. तळ्याच्या तळाशी पडलेले शिशाचे छरे दाणे समजून बदके गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून १९९१ पासून तेथे पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे सर्वत्र बंद आहेत. योगायोग असा की त्याच वर्षी आपण शिकारच बंद केली. वडिलांच्या काळात आपल्याकडे परवाना होता, पण या तलावावर किती बदके आली आणि किती गेली हे कोणी मोजले नव्हते. परवान्यावरचा आकडा आणि पाण्यावरचा आकडा यांची कधी गाठच पडली नाही. माझ्या मते आपण केले ते योग्य केले. जे पट्टकादंब हिमालय ओलांडून आपल्या तलावावर उतरतात त्यांना वाटेत किती देश आणि किती पाणवठे लागतात हे पाहिले, तर एकट्या आपल्याला त्यांचा वाटा ठरवण्याचा अधिकार नाही असे मला वाटते. भारत १९८३ पासून स्थलांतरित वन्यजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य आहे, आणि त्या कराराची परिषद २०२० मध्ये गांधीनगरला भरली होती.

आत्तेभाऊ जानेवारीत येत आहेत, हे फार चांगले आहे. त्याच महिन्यात आशियाई पाणपक्षी गणना असते. मुरलेल्या शिकाऱ्याला उडत्या थव्यातले बदक पंखांच्या लयीवरून ओळखता येते. ते आम्हा दुर्बीणवाल्यांपैकी फार थोड्यांना जमते. ते सोबत आले तर आमच्या मोजणीला खरोखर मदत होईल. दुपारी कुंभारगावच्या बाजूने होडीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला न्यावे. हे रोहित कच्छच्या रणाकडचे. पाणी उतरून गाळ उघडा पडला की त्यांचे थवे उजनीवर येतात. नावाड्याला मात्र होडी लांबच थांबवायला सांगावी. छायाचित्रासाठी थवा उडवायला लावणारे पर्यटक मी पाहिले आहेत, आणि चरायला आलेल्या पक्ष्याला वारंवार उठवणे म्हणजे त्याची शिदोरी हिसकावणे आहे.

मंगळवेढा_मालदांडी

विषय निघाला आहे म्हणून विचारतो. हुरड्याच्या दिवसांत भोरड्यांचे ढगच्या ढग ज्वारीवर उतरतात. त्याही पाहुण्याच आहेत. आम्ही माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतो, डबे वाजवतो. वर हाका करणेसुद्धा शिकारीत येते असे वाचले आणि मनात शंका आली. राखण करणे हाही गुन्हा आहे का? शेजारच्या डाळिंबाच्या बागेवर जाळी आहे, तिचे काय?

सोलापूर_वकील

आपण निश्चिंत राखण करावी. अधिनियमातील तो शब्द पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे यांच्या पंक्तीत आला आहे, त्यामुळे हाकाऱ्यांनी सावज बंदुकीच्या किंवा जाळ्याच्या तोंडी आणणे, असाच मी त्याचा अर्थ घेतो. पिकावरून पाखरे उठवण्यात कोणाला मारण्याचा किंवा धरण्याचा हेतू नसतो. पण गोफणीचा दगड मुद्दाम पक्ष्यावर नेम धरून मारला, तर गोष्ट बदलते. दाण्याला औषध लावून बांधावर टाकण्याचा मार्ग काही जण सुचवतात, तो तर कोणीही पत्करू नये. विष घालणे हे व्याख्येत स्पष्टपणे आहे, आणि तो दाणा भोरडीच खाईल याची काय खात्री? मोर खाईल, आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहे.

बागेवर ताणून बसवलेले आच्छादन हे फळांच्या संरक्षणासाठी असते. बारीक नायलॉनचे जाळे दोन काठ्यांमध्ये उभे बांधून ठेवले, की त्यात पक्षी अडकावेत हाच उद्देश दिसतो आणि वनखाते ते शिकारीचे साधन धरू शकते. आच्छादन ढिले पडू देऊ नये आणि सकाळ-संध्याकाळ फेरी मारून अडकलेले पाखरू सोडवावे.

भीमाकाठ_मासेमारी

आमच्या मासळीच्या जाळ्यात वारकरी (आपण पुस्तकात चांदवा म्हणता तो) आणि बुडी मारणारी बदके कधी कधी गुरफटतात. पहाटे जाळे ओढावे तर पक्षी मेलेला असतो. आम्ही आजवर तो पाण्यात सोडून देत आलो. कोणी तो ढाब्यावर देतात, हेही खरे आहे, आणि ते मला पटत नाही.

सोलापूर_वकील

आपण मोकळेपणाने लिहिलेत म्हणून मीही स्पष्ट सांगतो. असा पक्षी, जिवंत असो वा मृत, आणि त्याचे मांससुद्धा, कलम ३९ प्रमाणे शासनाची मालमत्ता आहे. ती ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवायचे असते. जिवंत असेल तर तेथेच सोडवून पाण्यावर सोडावा. जखमी किंवा मेलेला असेल तर आपल्या भागातील वनरक्षकांना किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ढाब्यावर विकणारा, विकत घेणारा आणि शिजवणारा, तिघेही अडचणीत येतात, आणि मांस ताब्यात सापडल्यावर ते कायदेशीर मार्गाने आले हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते. केवळ चव पाहिली म्हणणाऱ्या गिऱ्हाइकानेही हे लक्षात घ्यावे.

हिप्परगा_सकाळ

मासेमारीवाल्या बंधूंना एक विनंती आहे. शक्य असेल तेथे रात्रीचे जाळे उथळ काठापासून थोडे खोल पाण्यात लावावे, कारण वारकरी आणि बदके पाणवनस्पतींजवळच चरतात.

गाळपेर_करमाळा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आत्तेभावांना फोनवर सगळे वाचून दाखवले. ते थोडे खट्टू झाले, पण लगेच म्हणाले की जेथे हंगामच नाही तेथे बंदुकीचा विषयही नाही. शिशाच्या छऱ्यांचा नियम आपल्या लोकांना माहीत असल्याचे ऐकून त्यांना बरे वाटले. ते दुर्बीण आणणार आहेत. हिप्परग्याच्या गुरुजींनी मोजणीचा दिवस कळवावा, आम्ही दोघे आदल्या रात्रीच सोलापुरात मुक्कामाला येऊ.

आजोबांचा परवाना काल ट्रंकेतून काढून पाहिला. मागच्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने मारलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवली आहे: हळदीकुंकू दोन, चक्रांग पाच, आणि खाली एका ओळीत लिहिले आहे, "चक्रवाक, एक. दुसरा बराच वेळ वर फिरत राहिला." ती ओळ मी आत्तेभावांनाही वाचून दाखवली.