अनुभव धागा: दातांच्या फटींतला छोटा ब्रश कसा वापरता आणि कधी टाकून देता?

मुलुंडची मी:
गेल्या महिन्यात दात साफ करून घ्यायला गेले होते. फटींत घालायचा तो बारीक इंटरडेंटल ब्रश, बाटली धुवायचा ब्रश असतो ना त्याचंच पिल्लू, तो मी वर्षभर वापरतेय असं सांगितलं तर डॉक्टर म्हणाल्या पुढच्या वेळी ब्रशच घेऊन या. नेला. त्यांनी खिडकीजवळ धरून दाखवला, मधले ब्रिसल्स पार झडलेले आणि तार वाकडी. अडीच महिने तोच वापरत होते कारण तुटला नव्हता ना! म्हणजे इतके दिवस मी दाढांमध्ये जवळजवळ नुसती तारच घालत होते आणि उजव्या बाजूला रक्त का येतं म्हणून पेस्ट बदलत बसले होते. ब्रिसल्स विस्कटले किंवा तार वाकली की लगेच टाकायचा, नाहीतर साधारण आठवडा, फार तर दोन. हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.
तुम्ही कसा वापरता, किती दिवसांनी बदलता, कुठला साइझ बसला, सगळं लिहा. चुकलं असेल तर ते आधी लिहा, त्याचाच जास्त उपयोग होईल.

गिरगावकर काका:
वय ६८, खाली डावीकडे तीन दातांचा ब्रिज, आणि १४ वर्षं शुगर. ब्रिजमधल्या नकली दाताखाली अन्न अडकतं, तिथे साधा ब्रश पोचतच नाही. बोंबील, मांदेली खाल्ली की मी काडी घ्यायचो, काडी नसेल तर सेफ्टी पिन. कोणी करू नका. हिरडीला जखम झाली आणि शुगरमुळे भरायला तीन आठवडे गेले. मग मुंबई सेंट्रलला नायरच्या डेंटल कॉलेजात गेलो, तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीने हातात आरसा देऊन शिकवलं. ब्रश सरळ आत घालायचा, चार-पाच वेळा पुढे-मागे करायचा, आत असताना गरगर फिरवायचा नाही, जात नसेल तर रेटायचा नाही. मागच्या दाढांसाठी तारेला बोटाने किंचित बाक द्यायचा, मग गालाच्या बाजूने बरोब्बर शिरतो. पेस्ट नको, नुसता ओला करायचा. रोज एकदा, रात्री, दात घासायच्या आधी.
बदलायचं लक्षात राहत नव्हतं म्हणून आता दर एकादशीला नवा काढतो. पंधरा दिवसांनी येतेच आणि घरात कोणी ना कोणी आठवण करतंच. मधेच वाकला तर एकादशीची वाट बघत नाही. शुगरवाल्यांनो, हे मनावर घ्या, हिरड्या सुजल्या की शुगर आटोक्यात राहत नाही आणि शुगर वाढली की हिरड्या बिघडतात.

भांडुप पश्चिम:
मुलीला तारा लावल्यात, नववीत आहे. वडापाव खाल्ला की पावाचा लगदा ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या, कडेला चिकटून बसतो, चूळ भरून निघत नाही. एक ब्रश कंपासपेटीत, एक घरी. पण ब्रॅकेटच्या कडांवर घासून तिचा ब्रश चार दिवसांत खलास होतो, दोन आठवडे वगैरे आमच्याकडे शक्यच नाही. अजून एक, पावसाळ्यात ओला ब्रश तसाच टोपण लावून ठेवला तर घाण वास मारतो. धुवायचा, झटकायचा, वाळला की मगच टोपण.

दादरची सून:
सासूबाईंचं ठाम मत होतं की असलं काही घातलं की फटी वाढतात. आणि खरंच दात साफ करून घेतल्यावर त्यांना फटी मोठ्या दिसायला लागल्या, मग काय, आठ दिवस रोज हाच विषय. शेवटी मीच घेऊन गेले त्यांना डॉक्टरांकडे. ते म्हणाले आजी, फट होतीच, सुजलेली हिरडी आणि खालचं दगडासारखं टार्टर यांनी ती बुजवली होती, ते गेलं म्हणून दिसतेय. सासूबाईंना एवढंच ऐकायचं होतं. आता त्या माझ्यापेक्षा नेमाने करतात. पहिला आठवडा थोडं रक्त आलं, मग आपोआप थांबलं.

दवाखान्यातून:
मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, रोज बघते म्हणून लिहिते. लोक नुसता रंग बघून साइझ घेतात आणि फसतात. टेपे कंपनीचा पिवळा म्हणजे ०.७ मिलिमीटरची तार, दुसऱ्या कंपनीचा पिवळा वेगळाच निघू शकतो. पाकिटावर आयएसओचा ० ते ८ आकडा असतो तो बघा, ब्रश किती बारीक भोकातून तार न वाकता जातो त्यावरून तो ठरतो. आत जाताना ब्रिसल्स दोन्ही दातांना जरा घासले पाहिजेत. अगदी सैल गेला तर साफच होत नाही, आणि घट्ट असला तर तारच हिरडीला लागते. बहुतेकांना दोन साइझ लागतात, पुढे बारीक आणि दाढांना जाड. आणि दोन-तीन दिवसांत तार वाकत असेल तर बहुतेक साइझ मोठा आहे किंवा तिरपा घालताय.

अंधेरी ईस्ट:
माझ्या पुढच्या दातांत फटच नाही, सगळ्यात बारीक पण जात नाही. तिथे फ्लॉसच, म्हणजे फटीत घालायचा दोरा. दाढांना ब्रश.

लालबाग:
इम्प्लांटवाल्यांनी, म्हणजे हाडात स्क्रू घालून नकली दात बसवलेल्यांनी, प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या तारेचाच ब्रश घ्या, उघडी तार इम्प्लांटवर घासायची नाही असं मला बजावून सांगितलंय. मी आधी ब्रश टिकावा म्हणून उकळत्या पाण्यात घालायचो, त्याने ब्रिसल्स मऊ पडून वाकडे झाले. नळाखाली नीट धुतला तरी पुरतं.

मुलुंडची मी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, एकादशीचं आईला सांगितलं, तिलाही पटलं. मी दोन साइझ मोजून घेतले, दर रविवारी नवा काढते. तीन आठवडे झाले, उजव्या बाजूचं रक्त थांबलंय, फक्त शेवटच्या दोन दाढांमधल्या एकाच फटीतून अजून येतं आणि तिथला ब्रिसल रोज तुटतो. फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या एवढ्या दिवसांनीही एकाच जागी येतंय म्हणजे तिथे काहीतरी आहे, जुन्या फिलिंगची कड बाहेर आली असेल, एक्स-रे काढू. शनिवारी जातेय, ब्रश सोबत घेऊन.