नंबर ४ रायफल १०० यार्डांवर उभी पसरतेय, ९००ला नेऊ का?

रेडिंगकर
इंग्लंडमध्ये राहतो, क्लबात नेमबाजी करतो. यंदा परवान्यावर ली-एनफील्ड नंबर ४ मार्क २ घेतली, थ्री नॉट थ्री. साइट मूळ लष्करी. काडतुसं स्वतः भरतो, गोळी सिएराची १७४ ग्रेन. १०० यार्डांवर गट (टार्गेटवरच्या भोकांचा पसारा) आडवा दीड इंच, पण उभा चार इंच! क्लबातले जाणते म्हणतात नळी गेली, विकून टाक. पुढच्या महिन्यात बिस्लेला, स्टिकलडाउन या लांब पल्ल्याच्या रेंजवर ९०० यार्डांची संधी आहे. जाऊ, की आधी नळी बदलू?

सरेतला सातारकर
अजिबात विकू नका. नळी झिजली की गोळ्या चारी बाजूंना उधळतात, तुमच्या तर एका रेषेत लागताहेत.

या रायफलीच्या बोल्टचे लग, म्हणजे बोल्ट अडकवून धरणारे खुंट, मागे असतात, माउझर रायफलीसारखे पुढे नाहीत. बार उडाला की बॉडी (बोल्ट ज्यात बसतो तो सांगाडा) लवते आणि नळीचं तोंड हलतं. जुळून आलं तर तोंड वर जात असतानाच गोळी सुटते. वेगवान गोळी लवकर, म्हणून खालून निघते. मंद गोळी उशिरा, म्हणून वरून. १००ला हा फरक उभा दिसतो. लांबवर मंद गोळी जास्त पडते, पण ती निघालेलीच असते वरून, त्यामुळे दोन्ही जवळ येतात. बिस्लेचे जुने लोक ७.६२ मिमी काडतुसासाठी बदलून घेतलेल्या नंबर ४ खास ९०० आणि १००० यार्डांसाठी काढत, ३००ला माउझर पद्धतीच्या.

खात्री करायची तर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावा आणि टार्गेटवर प्रत्येक भोकाशेजारी वेग लिहा. वेगवान गोळ्या खाली, मंद वर लागल्या असतील तर खुशाल ९००ला जा. तसं काहीच दिसलं नाही तर लाकूड बघा. पुढचं लाकूड नळीला तोंडाशी २ ते ७ पौंडांनी वर रेटतं. नळी बोटांनी उचला: थोडा जोर लागला पाहिजे आणि सोडल्यावर ती परत लाकडावर टेकली पाहिजे. सैल असेल तर जाणत्या गनस्मिथकडेच द्या. जुनं लाकूड घरी तासू नका, कळकळीने सांगतो.

वारा_वाचा
सातारकरांशी सहमत. पण ९००ला खरी परीक्षा वाऱ्याची. ताशी १० मैलांचा आडवा वारा ही गोळी दोनेक मीटर ढकलतो. तुमच्या साइटला आडवं सरकवायची सोय नाही, नेमच बाजूला धरावा लागेल. झेंडे बघाच, पण स्पॉटिंग स्कोपमधून मृगजळ, म्हणजे तापलेल्या हवेची थरथर, कुठल्या बाजूला वाहतंय तेही बघा.

पुणे ३०
वडील पोलिसात होते, त्यांच्या हाती हीच रायफल होती. इकडे थ्री नॉट थ्री सामान्य नागरिकाला मिळत नाही, प्रोहिबिटेड बोअर. चांदमारीच्या गोष्टी ऐकतच वाढलो. टार्गेटचा फोटो नक्की टाका!

रेडिंगकर
सगळ्यांचे मनापासून आभार. नळी उचलून पाहिली, जोर लागतो आणि नीट टेकते. क्रोनोग्राफ शनिवारी. मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकून नळीचं मापही घेणार आहे, पण नळीतल्या पीळदार खोबणी पाच, समोरासमोर येत नाहीत. साध्या मायक्रोमीटरने व्यास कसा मोजता तुम्ही?