उत्तर: पाणथळ जागेचा परवाना – न्यू जर्सीत वेगळं आहे

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या सॅकेट निकालामुळे सुट्या, ओढ्याला न जोडलेल्या पाणथळ जागा फेडरल स्वच्छ पाणी कायद्यातून (क्लीन वॉटर ॲक्ट) सुटल्या, असं म्हणतात ते बरोबर. पण त्या भरवशावर न्यू जर्सीत प्लॉट घेऊ नका. इथे १९९४ पासून बहुतेक ठिकाणी त्या फेडरल कायद्याच्या कलम ४०४ चा, म्हणजे पाणथळीत भर टाकण्याचा परवाना आर्मी कोअर (अमेरिकी लष्कराचं अभियंता दल) नाही, राज्याचं पर्यावरण खातंच देतं, आणि राज्याचा १९८७ चा कायदा सुट्या पाणथळीलाही लागू आहे.

आम्हाला खरा फटका बसला तो बफरचा, म्हणजे पाणथळीभोवती मोकळ्या ठेवायच्या पट्ट्याचा. मधल्या दर्जाच्या पाणथळीभोवती ५० फूट, उच्च दर्जाच्या असेल तर १५० फूट. आमचं निम्मं पार्किंग त्यातच गेलं! सौद्याआधी खात्याकडून पाणथळीच्या हद्दीचं पत्र (एलओआय, म्हणजे लेटर ऑफ इंटरप्रिटेशन) घ्या, ते ५ वर्षं चालतं. आम्ही नंतर घेतलं.