रिव्हॉल्व्हरच्या यंत्ररचनेचा अभ्यास कोठून सुरू करावा?

प्रश्न (लातूर):
आयटीआयमध्ये टर्नर शिकवून मी निवृत्त झालो. शस्त्र बाळगण्याची हौस नाही, परवानाही नको. मात्र मागील निवडणुकीच्या वेळी आमच्या गावचे एक परवानाधारक शेतकरी आपले रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करण्यास निघाले असताना त्यांनी ते रिकामे करून मला दाखवले. घोडा (काडतुसावर आपटणारा भाग) मागे येताच सिलिंडर फिरून ज्या नेमकेपणाने खट्कन जागेवर बसले, ते पाहिल्यापासून चैन नाही. प्रत्यक्ष शस्त्र हाती न घेता ही कारागिरी समजून घ्यायची असेल, तर कोणते मॉडेल आधी अभ्यासावे?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
सर, मी वाळूजला टूलरूममध्ये आहे. माझ्या मते 1873 चे कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी घ्यावे. त्यात भाग मोजके आहेत. घोड्याला जोडलेला पॉल (ढकलणारी छोटी पट्टी) सिलिंडरमागच्या रॅचेटला (दातेरी चकतीला) रेटतो, सहा कप्प्यांचे, म्हणजे काडतुसांच्या सहा भोकांचे, सिलिंडर साठ अंश फिरते आणि खालून बोल्ट (सिलिंडर अडवणारी खीळ) वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसतो. घोडा ओढताना चार खटके ऐकू येतात. शेवटचे दोन, म्हणजे बोल्ट बसण्याचा आणि घोडा पूर्ण मागे अडकण्याचा, जवळजवळ एकाच क्षणी आले, तर फिटरने पॉलवर कानस मोजून चालवली असे समजावे. बोल्ट उशिरा बसला, तर कप्पा नळीच्या रेषेत येण्याआधीच बार उडू शकतो. म्हणून माझ्या लेखी या यंत्राची खरी कसोटी नक्षी किंवा निळसर झिलई नसून हीच वेळेची जुळणी आहे. सहा कप्प्यांच्या सिलिंडरमध्ये बोल्टची खाच बहुधा कप्प्याच्या सर्वांत पातळ भिंतीवर येते, तर पाच कप्प्यांच्यात ती दोन कप्प्यांमधील जाड भागावर नेता येते. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापून आखल्यास हे लगेच दिसेल. आपला हात लेथवर बसलेला आहे म्हणून सांगतो, पुठ्ठ्यावरच थांबावे. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात.

उत्तर (नांदेड):
कोल्टबद्दल दुमत नाही, पण तेथेच अडकू नये. 1915 च्या वेब्ली मार्क सहा या रिव्हॉल्व्हरची मान मोडून, म्हणजे नळी बिजागरीवर खाली झुकवून, उघडली की ताऱ्याच्या आकाराचा निष्कासक (पुंगळ्या ढकलणारा भाग) वर येऊन सहाही पुंगळ्या एकदम बाहेर फेकतो. 1895 चे नागांत तर विलक्षण आहे. सिलिंडर आणि नळी यांच्यामधील बारीक फटीतून एरवी वायू निसटतो. येथे घोडा चढताना सात कप्प्यांचे अख्खे सिलिंडरच पुढे सरकते आणि काडतुसाचे तोंड नळीत शिरून फट बुजते. त्याची किंमत म्हणजे अतिशय जड चाप. मला ही रचना बुद्धिमान वाटते, सुंदर मात्र वाटत नाही. सॅम्युएल कोल्ट यांच्या 1836 च्या अमेरिकी पेटंटची रेखाचित्रे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात, ती मोठी करून छापून घ्यावीत.

प्रश्नकर्ते:
दोघांचेही आभार. चकत्या काल रात्रीच कापल्या आणि पातळ भिंतीचे म्हणणे पटले. मात्र खाच किंचित बाजूला सरकवली, तर पॉलची लांबी न बदलता जुळणी साधेल का? वाळूजच्या भाऊंनी सवडीने सांगावे.