मदत हवी आहे: टर्बो बसवल्यापासून टॉर्क कन्व्हर्टर सैल वाटतोय, ८ इंची घेऊ की ९.५ इंची?

फुल_थ्रॉटल
जाणकारांनी जरा लवकर सांगा, याच आठवड्यात ऑर्डर द्यायची आहे. ४२७ घनइंचांच्या इंजिनावर ८८ मिमीचा एक टर्बो बसवला. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) ११०० हॉर्सपॉवर मिळाली. कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा) आधीचाच आहे. गाडी पाव मैलाला ९.१० सेकंद आणि ताशी १५२ मैल देते, एवढ्या पॉवरला हे फार कमी आहे. शेवटच्या शंभर मीटरमध्ये इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढतच नाही. लाँच चांगला आहे. इंधन, इग्निशन सगळं तपासून झालंय, तो विषय नको. ८ इंची घ्यावा की ९.५ इंची, आणि स्टॉल (गाडी अडवून धरल्यावर इंजिन जास्तीत जास्त जिथे जातं तो आरपीएम) किती सांगावा, एवढंच हवंय.

पान्याचा_सेट
एवढ्यावर कोणीच सांगू शकणार नाही. गिअरबॉक्स कोणता? मागच्या डिफरन्शियलचा रेशो? टायर? चालकासकट वजन? रेषा ओलांडताना आरपीएम किती? आधीचा कन्व्हर्टर कोणत्या इंजिनासाठी बनवला होता? व्यास आणि स्टॉल हे उत्तर झालं, त्याआधी प्रश्न तरी पूर्ण मांडा.

पॉवरग्लाइड_प्रेमी
८ इंची घ्या, डोळे झाकून. हलका असतो, झटकन फिरतो, पहिल्या ६० फुटांची वेळ लगेच सुधारते. ड्रॅगच्या गाडीला मोठा कन्व्हर्टर म्हणजे उगाच वजन.

फुल_थ्रॉटल
६० फुटांची तक्रारच नाहीये, १.३८ येते. तक्रार शेवटच्या टप्प्याची आहे.
टीएच ४०० (तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ३.५० चा मागचा रेशो, २८ इंची रेडियल टायर, वजन १४०० किलो. रेषेवर ७६००. कन्व्हर्टर आधीच्या नॅचरल (टर्बोशिवायच्या) इंजिनासाठी बनवून घेतलेला, ५२०० स्टॉलचा.

स्लिप_मोजा
आता हिशेब करता येतो. ताशी मैल × रेशो × ३३६ ÷ टायरचा व्यास इंचांत. म्हणजे १५२ × ३.५० × ३३६ ÷ २८ = ६३८४. टॉप गिअर १:१ आहे, तेव्हा स्लिप (कन्व्हर्टरमध्ये वाया जाणाऱ्या फेऱ्या) शून्य असती तर इंजिन ६३८४ वर दिसलं असतं. ते ७६०० वर आहे. ७६०० मधून ६३८४ गेले १२१६, म्हणजे १६ टक्के स्लिप. अशा गाडीला रेषेवर ५ ते ८ टक्के असावी. दर सहा फेऱ्यांमागे जवळजवळ एक फेरी तेल तापवण्यात जाते आहे.

उलट बाजूनेही पडताळा. १४०० किलो म्हणजे ३०८६ पौंड. पौंडांतलं वजन × (वेग ÷ २३४) चा घन, याने साधारण ८५० हॉर्सपॉवर येते. डायनोच्या आकड्यात आणि यात एवढा फरक एरवी पडत नाही.

चौथी_पट्टी
वरचं सूत्र बरोबर आहे, पण त्यावर ऑर्डर देऊ नका. टाइमस्लिपवरचा (ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या पावतीवरचा) वेग हा शेवटच्या ६६ फुटांची सरासरी असते आणि आरपीएम त्या क्षणाचा. शिवाय टायर वेगाबरोबर फुगतो. व्यास वाढला की ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) हिशेबापेक्षा हळू फिरतो आणि खरी स्लिप जास्त निघते. चाकं घसरत असतील तर नेमकं उलटं. ड्राइव्हशाफ्ट सेन्सर असेल तर त्याचा आकडा द्या, बाकी सगळे अंदाज.

फुल_थ्रॉटल
सेन्सर आहेच की. ६३००.

स्लिप_मोजा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. मग स्लिप १७.१ टक्के, आणि टायर साधारण २८.४ इंचांवर गेलाय. चाकं घसरत नाहीयेत.

गिअर_बदला
मागचा रेशो ३.२५ करा. इंजिन ७६०० वरून आपोआप खाली येईल. सगळ्यांत स्वस्त उपाय.

चौथी_पट्टी
@गिअर_बदला, रेशोने स्लिप बरी होत नाही, वाढते. ३.२५ टाकला की त्याच वेगाला कन्व्हर्टरचा टर्बाइन (गिअरबॉक्सकडचं चाक) आणखी हळू फिरणार आणि कन्व्हर्टरवर भार वाढणार. आजार कन्व्हर्टरचा आणि औषध डिफरन्शियलला असं होईल.

तेलाचा_वास
थांबा. इंजिन आणि ड्राइव्हशाफ्ट यांच्यातला सगळा फरक कन्व्हर्टरच्या नावावर का टाकताय? मध्ये गिअरबॉक्सचे क्लच आहेत. टीएच ४०० मध्ये तिसऱ्या गिअरला डायरेक्ट क्लच लागतो. तो घसरत असेल तर लॉगमध्ये (सेन्सरच्या नोंदीत) हुबेहूब हेच चित्र दिसतं. नवा कन्व्हर्टर बसवाल आणि १७ टक्के तसेच राहतील.

दुसऱ्या गिअरच्या टोकाला, शिफ्टच्या लगेच आधी, इंजिन आणि ड्राइव्हशाफ्ट किती होते ते बघा. ड्राइव्हशाफ्टला १.४८ ने गुणा, तो टर्बाइनचा वेग.

फुल_थ्रॉटल
इंजिन ७७००, ड्राइव्हशाफ्ट ४३००.

तेलाचा_वास
४३०० × १.४८ = ६३६४. स्लिप १७.४ टक्के. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये जवळपास सारखीच आहे. दोन वेगवेगळे क्लच मोजून तेवढेच घसरणार नाहीत, तेव्हा डायरेक्ट क्लचवरचा संशय बराच कमी झाला. पण फॉरवर्ड क्लच तिन्ही गिअरमध्ये लागलेला असतो, तो या परीक्षेतून सुटतो. म्हणून गिअरबॉक्सचा तेलाचा पॅन उतरवा. तेल बोटांवर घेऊन बघा: लालसर आणि स्वच्छ असेल तर ठीक, काळं, जळकट वासाचं आणि पॅनच्या तळाशी काळी भुकटी असेल तर आधी गिअरबॉक्स उघडायचा. एवढ्या टॉर्कखाली घसरणारा क्लच फार पास टिकत नाही, खुणा सोडतोच. फुल बूस्टवर लाइन प्रेशर (क्लच आवळून धरणाऱ्या तेलाचा दाब) पडतंय का तेही लॉग करा.

कन्व्हर्टरमधल्या स्टेटरचा (तेल वळवून टॉर्क वाढवणाऱ्या पात्यांचा) वन-वे क्लच, म्हणजे एकाच दिशेला फिरू देणारा, मात्र ठीक दिसतो. तो दोन्हीकडे मोकळा फिरत असता तर टॉर्क वाढलाच नसता आणि १.३८ आली नसती.

पॉवरग्लाइड_प्रेमी
तरीही ८ इंचीत आतली रचना बदलून घट्ट बनवून मिळतो. व्यासाला एवढं घाबरायचं कारण नाही.

पान्याचा_सेट
भौतिकशास्त्र बघा. पाती तशीच ठेवली तर कन्व्हर्टर जो टॉर्क पेलतो तो आरपीएमच्या वर्गावर आणि व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असतो. ८ भागिले ९.५, त्याचा पाचवा घात ०.४२. म्हणजे ९.५ इंची जेवढं पेलतो त्याच्या ४२ टक्के. पात्यांचे कोन बदलून थोडं भरून निघतं, पण १४०० किलोची टर्बो गाडी आणि तीन गिअर यांना ८ इंची चुकीचाच. हलक्या, नॅचरल, दोन गिअरच्या गाडीला तो शोभतो. तिथे शिफ्टनंतर आरपीएम फार खाली पडू नये म्हणून सैल कन्व्हर्टर मुद्दाम हवा असतो.

आता मूळ कारण. स्टॉल हा कन्व्हर्टरवर कोरलेला आकडा नव्हे. तो इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. @फुल_थ्रॉटल, आधीच्या इंजिनाचा टॉर्क किती होता? आत्ताचा किती, आणि कमाल टॉर्क, कमाल पॉवर कुठे येतात?

फुल_थ्रॉटल
आधी ७४५ न्यूटन मीटर. आता १२२०, ५६०० आरपीएमला. पॉवर ६८०० ला. ट्रान्सब्रेकवर (सुटेपर्यंत गिअरबॉक्स अडवून धरणाऱ्या बटणावर) १० पीएसआय बूस्टला ५६०० धरतो, सोडल्यावर साडेसहा हजारांच्या वर उडी मारतो. कोणता घेऊ ते सांगा आता.

पान्याचा_सेट
१२२० ÷ ७४५ = १.६४, वर्गमूळ १.२८. ५२०० × १.२८ = ६६५०. लॉगमधली उडी बरोबर तिथेच आहे. कन्व्हर्टर बिघडलेला नाही, तो दुसऱ्या इंजिनाचा आहे.

आता उलटं मोजा. फुल टॉर्कला फ्लॅश (सोडल्यावर इंजिन उडी मारतं तो आरपीएम) ५२०० ते ५४०० च्या दरम्यान हवा, म्हणजे कमाल टॉर्कच्या किंचित खाली. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना २.४८ चे १.४८ होतात, ७४०० वर शिफ्ट केलं तर नुसत्या दात्यांच्या हिशेबाने इंजिन ४४०० वर पडतं. दुसऱ्यातून तिसऱ्यात ५०००. कन्व्हर्टर त्याला उचलून ५५०० च्या आसपास धरेल आणि तिथेच तुमचा टॉर्क आहे. रेषेवर ७ टक्के स्लिप धरली तर ६३०० ÷ ०.९३ = ६७७५. म्हणजे आजच्याच वेगाला इंजिन कमाल पॉवरवर बसलं असतं. आत्ता ते त्याच्या ८०० आरपीएम पुढे जाऊन हवा घुसळतंय. वेग १६० मैलांवर गेला तरी ७१२५ च्या आसपास राहील, ३.५० ला हात लावायची गरज नाही.

बूस्ट_आधी
हिशेब सुंदर, पण एक बाजू राहिली. ५२०० चा हा घट्ट कन्व्हर्टर बूस्ट नसताना किती देईल? बूस्टशिवाय हे इंजिन ६०० न्यूटन मीटरच्या आसपास देत असेल, तर स्टॉल ३६०० च्या जवळ. ८८ मिमीचा टर्बो तिथे जागा होईल का, हा खरा प्रश्न. घट्ट केल्यावर गाडी लाइनवर बूस्टच धरत नाही, अशी तक्रार घेऊन लोक परत येतात. तयारी आधी करा: ट्रान्सब्रेकवर टू-स्टेपसोबत (लाइनवर आरपीएम मर्यादेत धरणारी सोय) इग्निशन मागे घ्या, म्हणजे एक्झॉस्ट गरम होऊन टर्बोतला टर्बाइन फिरेल. नाहीतर नायट्रसचा छोटा डोस, बूस्ट आला की आपोआप बंद होणारा. तिसरा मार्ग, कन्व्हर्टरचं तेल तेवढ्यापुरतं सोडणारा डम्प व्हॉल्व्ह. तो उघडा असेपर्यंत कन्व्हर्टर सैल वागतो.
बटणावर ४-५ सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. त्या वेळात सगळी पॉवर तेलातच जाते.

लॉकअप_हवाच
एवढा खटाटोप कशाला? लॉकअप (कन्व्हर्टर थेट जोडून टाकणारा क्लच) बसवा. सैल ठेवा, टॉप गिअरमध्ये लॉक करा, स्लिप शून्य.

तेलाचा_वास
टीएच ४०० ला मूळचा लॉकअप नाही. वेगळा इनपुट शाफ्ट, पंपात बदल, नियंत्रण, आणि ११०० हॉर्सपॉवर पेलणारा अनेक प्लेटांचा क्लच, हे सगळं लागतं. उपाय चांगला, पण तो पुढच्या गिअरबॉक्सबरोबर.

जुनी_चेसिस
अवांतर: १९६५ ते १९६७ या काळात ब्युइक, ओल्ड्समोबाइल आणि कॅडिलॅकच्या गाड्यांत याच गिअरबॉक्सला फिरत्या पात्यांचा स्टेटर होता. एका कोनात सैल, दुसऱ्यात घट्ट, तोही चालत्या गाडीत. आज इथे जो वाद चाललाय तो त्या रचनेने तेव्हाच सोडवला होता. त्याचा पंप आणि स्टेटर सपोर्ट वेगळा असतो, आजच्या गिअरबॉक्समध्ये सरळ बसत नाही.

फुल_थ्रॉटल
मग ९.५ इंची नवा. पण आत्ताचाही ९.५ च आहे. नट-बोल्टचा.

पान्याचा_सेट
नट-बोल्टचा आहे हे आत्ता सांगताय! मग नवा घ्यायचाच कशाला? तो उघडतो, आतले भाग बदलता येतात. बनवणाऱ्याकडे पाठवा. फक्त स्टेटर बदलला तर स्टॉल काहीशे आरपीएमने खाली येईल, तुम्हाला बाराशेहून जास्त हवेत. म्हणून कन्व्हर्टरच्या पंपाच्या (इंजिनाकडच्या चाकाच्या) पात्यांचा कोनही बदलायला सांगा. स्टेटर कमी टॉर्क गुणोत्तराचा मागा. रेडियलवर सुरुवातीचा धक्का थोडा कमी झालेला बरा, आणि वरच्या टोकाला तो कार्यक्षम असतो.

ऑर्डरबरोबर पूर्ण टॉर्कचा आलेख पाठवा, नुसते ११०० नाही. वजन, टायर, रेशो, ट्रान्सब्रेकवरचा बूस्ट, ट्रॅकची उंची, आणि सध्याचा लॉग. नॅचरल इंजिनासाठी बनवलेला असेल तर आत फुगवटारोधक प्लेट दोन्ही बाजूंना आहे का, ते विचारा. नसेल तर कन्व्हर्टर दाबाखाली फुगतो, क्रँकला पुढे ढकलतो आणि थ्रस्ट बेअरिंग (क्रँकची पुढेमागे हालचाल रोखणारं) खातो.

चौथी_पट्टी
परत बसवताना गडबड करू नका. आत ढकलत फिरवताना तीनदा ठक्‌ असं बसलं पाहिजे: इनपुट शाफ्ट, स्टेटर सपोर्ट आणि गिअरबॉक्सचा पंप. त्यानंतर कन्व्हर्टरच्या पॅड आणि फ्लेक्सप्लेटमध्ये (क्रँकला जोडलेल्या चकतीमध्ये) ३ ते ५ मिमी मोकळी जागा दिसायला हवी. जागाच नसेल तर तो पंपात पूर्ण बसलेला नाही. बोल्ट आवळून ओढलात तर पंपाचा गिअर जागीच फुटेल. ५ पेक्षा जास्त असेल तर वॉशर घाला. क्रँकची पुढेमागे होणारी हालचाल आधी आणि नंतर डायल गेजने मोजून लिहून ठेवा. फ्लेक्सप्लेटवर एसएफआय (रेसिंगच्या सुरक्षेचं मानक) २९.१ आणि तिच्या शिल्डवर ३०.१ चा शिक्का आहे ना, तेही बघून घ्या.

फुल_थ्रॉटल
पॅन उतरवला. तेल लालच, वास नाही, चुंबकावर नेहमीची करडी गाळ, काळी भुकटी अजिबात नाही. क्रँकची हालचाल ०.१५ मिमी. कन्व्हर्टर उद्या पाठवतो. प्लेट फक्त पुढे आहे, मागे नाही, त्यांना आत्ताच विचारलं.

तेलाचा_वास
मग मागचीही घालून घ्या, उघडतोच आहे तर. लाइन प्रेशरचा लॉग अजून आला नाही. कन्व्हर्टर परत आल्यावर पहिल्या पासमध्ये तो चालू ठेवा.

बूस्ट_आधी
आणि पहिला पास ५ पीएसआयवर सोडा. लाइनवर टर्बो किती सेकंदांत जागा होतो ते इथे लिहा, नायट्रस लागेल की नाही ते त्यावर ठरेल.