परत न गेलेली भांडी : आमच्या आईच्या आठवणी

आमच्या आईला जाऊन या मृगात एक वर्ष झाले. दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून तासाभराच्या पायवाटेवर असलेल्या आमच्या वाडीत ती सोळाव्या वर्षी सून म्हणून आली आणि ब्याण्णवाव्या वर्षी त्याच घराच्या पडवीत तिने डोळे मिटले. एवढे मोठे आयुष्य एकट्या मुलीला सांगता येण्यासारखे नाही, म्हणून तिला ओळखणाऱ्या सर्वांना मी विनंती केली की, "फार प्रेमळ होत्या" एवढ्यावर न थांबता एखादा प्रसंग, एखादे काम किंवा एखादा पदार्थ यांविषयी लिहावे. आरंभ मी करते.

मुलगी

माझ्या लहानपणी आम्ही कुळे होतो. खळ्यावर भाताची झोडणी झाली की मालकाचा वाटा आधी मोजला जाई, आणि माप घालणाऱ्याच्या हातावर डोळे लावून बसलेली आई मला अजून दिसते. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर कुळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. हप्ते फेडून ती वडिलांच्या नावावर झाली. आईचे नाव मात्र सातबाऱ्यावर चढले ते वडील गेल्यावर, वारस म्हणून. तोवर त्याच चिखलात डोक्यावर इरले घेऊन तिने पन्नासाहून अधिक लावण्या केल्या होत्या. तिने याविषयी कधी तक्रार केली नाही, पण मला ते आजही खुपते. जिच्या घरातले धान्य असे काटेकोर मोजून नेले गेले, तिने स्वतः कोणाला भात देताना पायलीवरून हात फिरवून ती सपाट केलेली मी एकदाही पाहिली नाही. तिची पायली नेहमी शिगेची असे.

शेजारघरचा मुलगा

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझे वडील लालबागला राहून एका गिरणीत काम करीत होते. काही महिने त्यांनी वाट पाहिली आणि मग ट्रंक घेऊन ते गावी आले. दरमहा येणारी मनीऑर्डर थांबली. घरात आम्ही चार भावंडे होतो, आणि आमची जमीन म्हणजे डोंगरउतारावरची वरकस, जिच्यात नाचणी आणि वरी यांपलीकडे काही पिकत नसे. माझी आई मानी होती. उपाशी राहिली असती, पण कोणाच्या दारात भांडे घेऊन गेली नसती. काकींनी हे ओळखले असावे. चैत्र संपता संपता त्या आमच्या ओटीवर येऊन म्हणाल्या, "यंदा रातांबे फार धरलेत, माझ्या एकटीच्यानं होणार नाहीत, तू येशील का गं?" त्यानंतर महिनाभर माझी आई रोज त्यांच्या परसात जात असे. रातांबे फोडायचे, साली वेगळ्या करायच्या, गराच्या रसात मीठ घालून त्यात त्या भिजवायच्या, उन्हात पसरायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात घालायच्या. आमसुलाला काळा रंग येईपर्यंत हे चालते. संध्याकाळी काकी मजुरी म्हणून उकडे तांदूळ मोजून देत. पुढे मोठा झाल्यावर मी हिशेब केला, तेव्हा ध्यानात आले की त्या वर्षी त्यांनी जितका तांदूळ दिला तितक्या किमतीची आमसुले त्यांच्या झाडांना होणे शक्यच नव्हते. माझी आई वारली तोपर्यंत ती "मी तिथे कामाला होते" असेच अभिमानाने सांगत असे.

बंदरावरील एका मासळीवालीची लेक

माझी आई डोक्यावर पाटी घेऊन तुमच्या वाडीत येत असे आणि सुकट व सुके बांगडे देऊन भात नेत असे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, तेव्हा देण्यासारखे तिच्याजवळ काही नसे. त्या दिवसांत तुमच्या आई आगाऊ भात देत आणि नारळी पौर्णिमेनंतर त्याची आठवण काढीत नसत. आठवण माझी आईच काढी, आणि पहिली ताजी मासळी तुमच्या घरी पोहोचवी.

निवृत्त पोस्टमन

वहिनींना वाचता येत नव्हते. त्यांचे पत्र मी वाचून दाखवी, आणि ते झाले की गूळपाणी पुढे करून त्या शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनाही हाक मारीत, कारण त्यांचीही पत्रे वाचायला कोणी नव्हते. त्या ओटीवर माझा अर्धा तास जाई.

थोरली सून

सर्वांनी चांगले लिहिले आहे, परंतु त्या दानाची झळ घरालाही लागत होती, हे मी लिहिले नाही तर ते खरे होणार नाही. भाद्रपदात कणगीचा तळ दिसू लागतो आणि नवे भात दसऱ्याशिवाय हाती येत नाही. नेमक्या त्या दिवसांत गणपतीला चाकरमानी येत, आणि सासूबाई कोणाच्या घरी तांदूळ, कोणाच्या घरी नारळ पाठवीत. गौरीगणपती गेले की आम्हांला पुढचे पंधरा-वीस दिवस नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. मी एकदा रागाने बोलले. त्यांनी उत्तर दिले नाही. मात्र त्या दिवसापासून माझे ताट वाढताना आधी माझ्या मुलांना आणि मला भात वाढून मगच त्या स्वतःसाठी भाकरी घेत. मला फार लाज वाटली, आणि थोडा रागही शिल्लक राहिला. दोन्ही खरे आहे.

आणखी एक. आपल्याकडे आलेले भांडे रिकामे परत करीत नाहीत. ज्या घरी परत घालायला काही नसे, तिथल्या पोरांना त्या आधीच सांगून ठेवीत, "तुमच्या दारातली अनंताची दोन फुलं घाल हो, मला देवाला हवीत." आमच्या परसात अनंताची दोन झाडे होती.

नातू

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने आमच्या आगरातील बहुतेक पोफळी मोडल्या आणि घराची कौले उडाली. आजी अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. कित्येक दिवस वीज नव्हती. खांब उभे करायला बाहेरगावाहून आलेल्या कामगारांसाठी तिने चुलीवर पेज रांधायला लावली, आणि पाऊस थोडा उघडताच मला पोफळीची रोपे आणायला पाठवले. त्या रोपांना फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात हे तिला ठाऊक होते. मी तसे म्हणालो, तेव्हा ती म्हणाली, "मग आजच लाव."

पुन्हा मुलगी

माजघराच्या फळीवर आईच्या पश्चात नऊ परकी भांडी सापडली. त्यांतील सहांवर नावे कोरलेली आहेत, तिघांवर नाहीत. एका पितळी डब्यावरचे नाव झिजून गेले आहे, फक्त शेवटचे "बाई" वाचता येते. ज्यांची असतील त्यांनी येऊन ओळखावीत आणि घेऊन जावीत. यंदाची आमसुले तयार आहेत. ती मी सर्व भांड्यांत भरून ठेवली आहेत.